सीमेच्या अलीकडचे घर

बेळगावच्या माणसाला 'सीमा' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही तो जगतच आलो आहोत. शिनोळीपर्यंत गेले की राज्य बदलते, एस. टी. बदलते, कचेरीच्या पाटीवरची लिपी बदलते. भाताची खाचरे मात्र तीच असतात. पण सीमेने माणसाचे लग्नही बदलते, म्हणजे एका बाजूस तो विवाहित आणि दुसऱ्या बाजूस अविवाहित ठरतो, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास जाऊन समजले. 'पाहिले' असे मी म्हणत नाही. मी गेलो तेव्हा तो भेद नाहीसा होऊन अकरा वर्षे होत आली होती. भेद गेला होता. त्याने ठरवून दिलेली घरे मात्र जिथल्या तिथे उभी होती.

माझा पुतण्या, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचा, अण्णांचा, एकुलता मुलगा, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सीकाँक या गावी राहतो. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत खात्याची परवानगी काढून (ती कशी मिळाली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे) मी पाच आठवड्यांसाठी त्याच्याकडे गेलो. पत्नीचे गुडघे इतका वेळ विमानात बसू देत नाहीत, म्हणून एकटाच गेलो. जाण्याचे कारण सांगितले पाहिजे. अनगोळच्या बाजूस अण्णांनी तीस वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेला एक भूखंड आहे. त्यावर मुलगा येऊन घर बांधणार, की तो विकून टाकायचा, हे अण्णांना एकदाचे समजून घ्यायचे होते. स्वतः विचारणे त्यांना शक्य नव्हते, कारण गेली चौदा वर्षे त्यांनी मुलाशी बोलणे टाकले होते. आपण लग्न केले आहे, आणि ज्याच्याशी केले तो पुरुष आहे, असे मुलाने २०१० साली कळवले, तेव्हापासूनची ही गोष्ट. आमच्या घरात त्या दुसऱ्या गृहस्थांचा उल्लेख 'त्याचा मित्र' असा होई, आणि तोही क्वचितच. या बाबतीत मीही काही निराळा वागलो, असे नाही.

बोस्टनच्या विमानतळावर दोघेही आले होते. तेथून दक्षिणेस तासाभराची वाट. सीकाँक हे धड शहर नाही, धड खेडे नाही. हमरस्त्यावर मोठमोठी दुकाने आणि त्यांच्यापुढे आपल्या शाळेच्या क्रीडांगणाच्या चौपट मोटारी उभ्या करण्याच्या जागा. आत वळले, की ओक आणि मेपलची झाडी, लाकडी घरे, दगडावर दगड रचून केलेले जुने बांध. मे महिना लागला होता आणि कुंपणाकुंपणांतून लायलॅकचा जांभळा फुलोरा नुकता उमलत होता. पुतण्याचे घर पांढरे, उतरत्या छपराचे, मागे भाजीचे चार वाफे. एका वाफ्यात मेथी होती.

पहिल्याच संध्याकाळी मी विचारले, "राज्याची हद्द कुठे आहे?" बेळगावकर आणखी काय विचारणार? दोघे एकमेकांकडे पाहून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाताना मी पावले मोजली. घरापासून अकराशे. ना चौकी, ना कमान. डांबराचा रंग किंचित बदलतो, पलीकडच्या मोटारींच्या पाट्यांवर समुद्राची लाट काढलेली दिसते. विक्रीकर अलीकडे सव्वासहा टक्के, पलीकडे सात. पलीकडचे गाव ईस्ट प्रॉव्हिडन्स, आणि नदी ओलांडली की ऱ्होड आयलंड राज्याची राजधानी प्रॉव्हिडन्स. पुतण्याची नोकरी तेथे. मग रोजची ये-जा सोसून त्याने घर या बाजूस का घेतले, हा माझा दुसरा प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळायला मात्र पाच आठवडे लागले.

या हद्दीचा इतिहास मनोरंजक आहे. रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाला मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३५ साली हद्दपारीची शिक्षा दिली. माणसाच्या श्रद्धेत सत्तेने हात घालू नये, हे मत तो सोडीना. ऐन हिवाळ्यात तो दक्षिणेकडे आला आणि १६३६ मध्ये सीकाँक नदीच्या पूर्व तीरावर त्याने पेरणी केली. पण ती जमीन प्लिमथ वसाहतीच्या हद्दीत येत होती. तेथील गव्हर्नरने कळवले, की आमची अडचण होते, आपण नदीपलीकडे जावे. तो होडीने पलीकडे गेला आणि त्याने प्रॉव्हिडन्स वसवले. म्हणजे सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी माणसे हद्द ओलांडून ऱ्होड आयलंडात गेली, त्यातून ते राज्य झाले. पुढे दोन्ही राज्यांत हद्दीवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटा चालला, तो त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि अखेर १ मार्च १८६२ पासून नवी रेषा अमलात आली. सीकाँकचा पश्चिम भाग ऱ्होड आयलंडला मिळून ईस्ट प्रॉव्हिडन्स झाला. बदल्यात फॉल रिव्हर शहर सगळेच्या सगळे मॅसॅच्युसेट्सकडे आले. विल्यम्सला ज्या तीरावरून उठावे लागले, तो तीरही आज ऱ्होड आयलंडातच आहे. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेल्या आमच्या सीमादाव्याची आठवण होऊन मी तेथील पुलावर बराच वेळ उभा राहिलो. त्यांचा निदान निकाल तरी लागला.

त्याच २००४ साली या रेषेला नवा अर्थ आला. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क नाकारता येणार नाही, असा निर्णय मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २००३ रोजी दिला होता. त्यानुसार १७ मे २००४ पासून परवाने मिळू लागले. अमेरिकेतील हे पहिले राज्य. केंब्रिजच्या नगरभवनाने तर त्या तारखेची वाट पाहत मध्यरात्रीच दारे उघडली होती. ऱ्होड आयलंडने तसा कायदा केला तो २ मे २०१३ रोजी, आणि तो लागू झाला १ ऑगस्टपासून. मधली नऊ वर्षे या अकराशे पावलांना किंमत होती.

पण पलीकडून येऊन लग्न लावून परत जावे, इतके ते सोपे नव्हते. मॅसॅच्युसेट्सच्या दप्तरात १९१३ सालचा एक कायदा पडून होता: ज्यांचा विवाह त्यांच्या स्वतःच्या राज्यात अवैध ठरेल, अशा परराज्यातील जोडप्याला येथे परवाना देऊ नये. तो झटकून बाहेर काढण्यात आला. लग्न करायचे तर येथेच राहतो, किंवा राहणार आहोत, असे लिहून देणे भाग पडले. ऱ्होड आयलंडात अशा विवाहाला स्पष्ट मनाई नाही, म्हणून तेथील जोडप्यांना हा अडसर लागू नाही, असे २००६ च्या सप्टेंबरात एका न्यायाधीशांनी ठरवले. तो कायदा समूळ रद्द झाला तो २००८ च्या जुलैअखेर.

शेजारच्या घरात दोन वृद्ध बाई राहतात. थोरल्या शाळेत शिकवीत, त्यामुळे आमचे लगेच जमले. धाकट्या टपालखात्यात होत्या. पूर्वी त्या पलीकडे पॉटकेट येथे, थोरल्या बाईंच्या आजोबांनी गिरणीच्या पगारातून बांधलेल्या घरात राहत. वर सांगितलेला निकाल लागताच त्यांनी २००६ च्या ऑक्टोबरात अलीकडे येऊन लग्न लावले आणि रात्री घरी जाऊन झोपल्या. घर सोडण्याचा विचारही तेव्हा त्यांच्या मनात नव्हता. तो आला २००७ च्या डिसेंबरात, आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी खटल्यामुळे. फॉल रिव्हरला लग्न केलेल्या ऱ्होड आयलंडच्या दोन स्त्रियांचे पटेनासे झाले व त्यांनी घटस्फोट मागितला. ऱ्होड आयलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले, की तो देण्याचा अधिकार येथील कुटुंब न्यायालयास नाही. कारण काय? ते न्यायालय स्थापणारा कायदा १९६१ चा, आणि 'विवाह' या शब्दाचा त्या काळचा अर्थ एक पुरुष व एक स्त्री एवढाच. न्यायमूर्तींनी त्या काळचे शब्दकोश उघडून पाहिले होते! मराठीचा विद्यार्थी म्हणून शब्दकोशाचा इतका मान झालेला पाहून मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. मॅसॅच्युसेट्सकडे जावे, तर दुसऱ्या राज्यात मोडलेल्या संसाराचा घटस्फोट घ्यायला येथे आधी वर्षभर राहायला हवे. त्या दोघींना धड एकत्र राहता येईना, धड वेगळेही होता येईना.

"आम्हाला घटस्फोट नको होता," थोरल्या बाई चहा ओतता ओतता म्हणाल्या. धाकट्या म्हणाल्या, "मला त्या आठवड्यात हवा होता." दोघी हसल्या. मग थोरल्या बाई गंभीर झाल्या. लग्न मोडायचे म्हटले तर 'तुमचे लग्नच नाही' असे न्यायालय सांगते. मग लग्न टिकवायचे म्हटले तर ते आहे हे कोण सांगणार? दुखण्यात, मरणात, घराच्या वारसाहक्कात? २००८ च्या उन्हाळ्यात त्यांनी आजोबांचे घर विकले आणि चार मैल अलीकडे आल्या. त्याच वर्षी प्रॉव्हिडन्समध्ये एका गृहस्थाचा सतरा वर्षांचा सोबती वारला. त्यांचे लग्न शेजारच्या कनेक्टिकट राज्यात झालेले असूनही, मृतदेह अंत्यविधीसाठी ताब्यात मिळावा म्हणून त्या गृहस्थाला आठवडेच्या आठवडे कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. ही हकीकत त्यांनी पुढे विधिमंडळापुढे सांगितली. अंत्यविधीपुरता हक्क देणारे विधेयक २००९ च्या नोव्हेंबरात गव्हर्नरने नाकारले, आणि २०१० च्या जानेवारीत विधिमंडळाने तो नकार मोडून काढला. या हकीकती बाईंना तारखांसह पाठ होत्या. आमच्याकडे वृद्ध माणसांना सीमालढ्याच्या तारखा पाठ असतात, तशा.

पुतण्याचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता, कारण तो परदेशी. त्याने २०१० मध्ये घर पाहायला सुरुवात केली तेव्हा दलालाने पलीकडची घरे दाखवली. नोकरीच्या जवळ, सोयीची. दोघांनी ती न पाहताच सोडून दिली. अलीकडे घर घेतले, नगर-कारकुनाकडे अर्ज देऊन तीन दिवसांनी परवाना घेतला आणि लग्न केले. पण राज्याने लावलेले हे लग्न केंद्र सरकार मानीत नव्हते. १९९६ च्या एका कायद्याने तसे ठरवून टाकले होते. प्राप्तिकराच्या राज्याच्या कागदावर दोघे विवाहित आणि केंद्राच्या कागदावर अविवाहित. एकाच वर्षी, एकाच टेबलावर, दोन्ही कागद खरे म्हणून सही करायची. पुतण्याचा परवाना नोकरीला बांधलेला; नोकरी गेली असती तर घर इथे, लग्न इथे, आणि माणूस विमानात. कॅनडाने २००५ सालीच समलिंगी विवाहाचा कायदा केला होता आणि तेथे असा जोडीदार कुटुंबीय म्हणून धरला जाई. २०१३ च्या वसंतात कॅनडाचे अर्ज भरून या घरातल्या खणात तयार होते. २६ जून २०१३ रोजी तो १९९६ चा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला, आणि अर्ज खणातच राहिले. ते मला दाखवण्यात आले. पुतण्याची कागद न फेकण्याची सवय थेट अण्णांची आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कायद्यासाठी घर बदलणे हे ज्याला चार मैलांत जमते त्यालाच जमते. ही राज्ये लहान, सीमा दाराशी. जेथे पुढच्या राज्याला जायला दिवस लागतो, तेथे नोकरी, म्हातारे आईबाप, घराचे कर्ज, हे सगळे कायद्याहून जड होते आणि माणसे आहेत तेथेच राहतात. ओहायोतील एका गृहस्थाला असाध्य आजार होता. त्याचा सोबती त्याला २०१३ च्या जुलैत रुग्णविमानाने मेरीलँडला घेऊन गेला, धावपट्टीवर विमानातच लग्न लागले, आणि तसेच दोघे परत आले. ऑक्टोबरात तो वारला. मृत्यूच्या दाखल्यावर पती म्हणून आपले नाव लागावे, एवढ्यासाठी मागे राहिलेला जेम्स ओबरगेफेल लढला, आणि २६ जून २०१५ च्या निकालाने सबंध देशात हा भेद संपला.

संपला, तर शेजारच्या बाई पॉटकेटला परत का गेल्या नाहीत? आजोबांचे घर दर आठवड्याला त्यांच्या दृष्टीस पडते. पावासाठी त्या अजून तिकडच्याच दुकानात जातात. मी विचारले, तेव्हा धाकट्या बाई म्हणाल्या, की कायदा आला तसा जाऊही शकतो. २०२२ च्या जूनमध्ये गर्भपाताविषयीचा जुना निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने उलटवला, तेव्हा एका न्यायमूर्तींनी विवाहाचाही निर्णय पुन्हा तपासावा असे लिहिले. म्हणून त्या डिसेंबरात केंद्राने कायदा केला, की एका राज्यात रीतसर झालेले लग्न दुसऱ्याने मानलेच पाहिजे. ते लावण्याची सक्ती मात्र त्या कायद्यात नाही. "आता या वयात पेट्या बांधायच्या नाहीत," असे त्या म्हणाल्या.

एका रविवारी आम्ही फॉल रिव्हरला गेलो. पुतण्याच्या सोबत्याचे आईवडील मूळचे अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज. तेथील पुष्कळ कुटुंबे या शहरात कापडगिरण्यांच्या ओढीने आली. माउली ऐंशीच्या घरातली. गोड पावाचा मोठा गोल तिने माझ्यापुढे ठेवला आणि मी 'पाव' म्हणताच टाळी वाजवली, कारण शब्द तिचाच, गोव्यावरून आमच्याकडे आलेला. मग तिने मुलाकरवी विचारले, की याचे वडील अजून का आले नाहीत? मी पत्नीचे गुडघे अण्णांना देऊन टाकले. पुतण्या खिडकीबाहेर पाहत राहिला. परतताना गाडीत समजले, की या माउलीनेही दोन वर्षे मुलाला उंबरा ओलांडू दिला नव्हता.

नात्याच्या नावांनी आपली भाषा इतकी समृद्ध: साडू, मेहुणा, जाऊ, नणंद, व्याही. पुतण्याच्या या जोडीदाराला काय म्हणावे, हे मात्र मला सापडेना. तो पहिल्या दिवसापासून मला 'काका' म्हणे. जनगणनेच्या कामात आम्हा शिक्षकांना कुटुंबाची व्याख्या शिकवतात, एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. त्या व्याख्येने मी त्या घराची नोंद पहिल्याच सकाळी मनात करून टाकली होती. नात्याचा रकाना तेवढा कोरा राहिला.

निघण्याच्या आदल्या रात्री मी भूखंडाचा विषय काढला. पुतण्याने थेट उत्तर दिले नाही. २०१६ साली त्याचे आंत्रपुच्छ फुटले होते, ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. "काका, तेव्हा डॉक्टरांनी बाहेर येऊन 'घरचं कोण आहे' म्हणून विचारलं. हा उभा राहिला, सही केली, संपलं. बेळगावात झालं असतं तर कुणाला विचारलं असतं?"

"मला," मी म्हणालो. शब्द तोंडातून गेला आणि मग त्याचा अर्थ लागला. चौदा वर्षांत ज्याने त्याला दोनदा पाहिले, त्या मला. आणि हा माणूस बाहेरच्या बाकावर.

"जागा विकायला सांगा अण्णांना," तो म्हणाला. "राग नाही माझा. पण तिथं आम्ही एक घर नाही, दोन भाडेकरू."

त्याचे म्हणणे खोडून काढण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मान्य झाला नाही, तो संसदेचा विषय ठरला. मी परतल्यावर, २०२४ च्या पावसाळ्यात, केंद्राने काही सूचना काढल्या: अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एक कुटुंब धरावे, बँकेत संयुक्त खाते उघडण्यास हरकत नाही, जवळचे नातेवाईक नसतील तर सोबत्याला मृतदेह ताब्यात घेता यावा. वाचून मी कात्रण पुतण्याला पाठवले. त्याचे उत्तर आले, "नातेवाईक नसतील तर. पण काका, तुम्ही आहात ना."

घरी आलो त्या संध्याकाळी अण्णा टिळकवाडीच्या आमच्या ओसरीवर बसून होते. मी भूखंडाचे सांगितले. त्यांनी मान हलवली. त्यांना ते आधीच ठाऊक असावे. मग घराविषयी विचारू लागले. लाकडी म्हणजे वाळवी लागत नाही का, पाणी कुठले, मेथी तिकडे उगवते का. हद्द किती लांब, हेही विचारले. मी अकराशे पावले म्हणालो. "जवळच म्हणायची," ते म्हणाले आणि बराच वेळ गप्प राहिले. रेल्वे फाटक पडले, गाडी गेली, फाटक उघडले.

"त्या दुसऱ्याचं नाव काय म्हणालास?"

मी मुळी म्हणालोच नव्हतो. आता सांगितले. अण्णांनी ते दोनदा उच्चारून पाहिले. पोर्तुगीज नाव, गोव्याच्या शेजारी जन्म काढलेल्या माणसाच्या जिभेला ते जड गेले नाही.